पाण्यात बुडवून घेतलेली दुर्बीण

माझी पहिली दुर्बीण धाकट्या दिरांनी नेपाळच्या सहलीहून आणली होती. खरं तर ती त्यांच्या मुलासाठी होती, पण त्याला दोन दिवसांत तिचा कंटाळा आला आणि ती माझ्याकडे आली. मी तेव्हा नालासोपाऱ्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. माहेर साताऱ्याकडचं. लग्नानंतर काही वर्षं मुंबईत भाड्याने काढली आणि मग पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या इमारतीपुढे डांबरी रस्ता संपायचा आणि थोडं चाललं की गास गावाची शेतं आणि बागायती वाड्या सुरू व्हायच्या.

पक्षी बघायला लागले त्याला कारण सातवीच्या वर्गातली एक मुलगी. तिने खिडकीबाहेरच्या वडावरचा एक हिरवा पक्षी दाखवून नाव विचारलं. मला ते आलं नाही. "उद्या सांगते" म्हणाले आणि सांगायला चार दिवस लागले. तांबट होता. त्याचा टुक टुक आवाज मी वर्षानुवर्षं ऐकत होते आणि तो पक्ष्याचा आहे हेही मला ठाऊक नव्हतं. विज्ञानाच्या बाईला हे शोभत नाही असं मनाने घेतलं. मग रोज सकाळी शाळेआधी तासभर गासच्या बाजूला जायला लागले.

पहिल्या वर्षी दुर्बीण बरी चालली. दुसऱ्या पावसाळ्यात तिने दगा दिला. आधी उजव्या भिंगाच्या कडेला एक पांढुरका डाग आला, मग कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली, आणि जुलैत तर बाहेर नेली की दहा मिनिटांत आतून धुकं धरायची. मी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. विजेच्या दिव्याखाली ठेवली. एकदा यांनी पेचकस घेऊन ती उघडली, पुसली, पुन्हा लावली, आणि त्यानंतर तिच्यातून एका पक्ष्याचे दोन दिसायला लागले.

"पावसाळाभर बंद ठेव. दिवाळीनंतर काढ." हे म्हणाले.

पण मला जे बघायचं होतं ते पावसातच होतं.

गासमध्ये एका वाडीत मोठं बावखल होतं. वाडीतल्या तळ्याला वसईत बावखल म्हणतात; त्याच्या पाण्यावर केळी, भाजी, पानवेली पोसल्या जातात. या बावखलावर जलपर्णी माजली होती, आणि तिच्या मधोमध एक लांब शेपटीचा कमळपक्षी बसत असे. पांढरं तोंड, मानेवर मागून सोनेरी पट्टा, बाकी अंग काळसर, आणि पायांची बोटं अशी लांब की पानांवरून चालताना पाणी हलत नसे. जूनच्या अखेरीस तो एकाच जागी बसायला लागला. शाळेच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकात मी वाचलं, या जातीत मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा जवळजवळ चार आठवडे ती उबवतो. दुर्बीण धुकं धरायच्या आधी एक डोळा मिटून मी चार अंडी मोजली आणि वहीत तारखा मांडायला लागले.

वाडीचे मालक साठीच्या पुढचे होते. गळ्यात क्रूस, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा, कमरेला कोयता. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाई. घरात त्यांची बोली वेगळी. माझ्याशी बोलताना ते शाळेतलं मराठी काढत, पण 'ण' काही त्यांच्या जिभेवर बसत नसे. दोन महिने ते मला बांधावर उभी असलेली बघत होते आणि काही बोलले नव्हते. एका बुधवारी पाऊस कोसळत असताना ते डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं घेऊन माझ्यापाशी आले.

"बाई, तुमी रोज काय बगता इथं?"

मी पक्ष्याचं सांगितलं.

"सोमवारी मानसं येनार हायत," ते म्हणाले. "ही जलपर्नी सगळी काढायची. पानी जायची मोरी तुंबलीये. पानी पानवेलीत शिरलंय, मुळं कुजतील."

मी म्हणाले, "काका, आत चार अंडी आहेत. अजून बारा दिवस तरी लागतील."

"कुठं हायत अंडी?"

मी मधल्या पुंजक्याकडे बोट दाखवलं. त्यांना फक्त पानं दिसली. मी दुर्बीण दिली. त्यांनी चष्म्यावरच ती लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"यात तर नुसतं दूध दिसतं."

मी पदराने काच पुसली. धुकं आत होतं, पुसून काय उपयोग. ते म्हणाले, "मी तराफा घालून बगून येतो." केळीच्या खांबांचा तराफा काठाला बांधलेला होता. मी त्यांना हात जोडून थांबवलं. जवळ गेलं तर पक्षी घरटं सोडून जाईल, म्हणाले.

ते तराफ्यापासून मागे वळले. मग जे बोलले ते मला लागलं.

"मागल्या वर्षी पन एक जन आलेला, तुमच्यासारखीच दुर्बीन घेऊन. म्हनला, निसर्ग बगतो. चार महिन्यांनी शेजारच्या वाडीत दगड पुरले, प्लॉट पाडले. तो दलालाचा मानूस होता. तेवापासून मी कोनाचं ऐकून मान डोलवत नाय. माझ्या डोळ्यांनी दिसलं तर खरं."

मी शिक्षिका आहे, अमुक शाळेत आहे, हे सांगून काही उपयोग नव्हता. मी खोटं बोलते असं ते म्हणत नव्हतेच. ते पुरावा मागत होते, आणि पुरावा मागण्यात गैर काय? वर्गात मी मुलांना तेच शिकवत होते.

"रविवारी दाखवते," मी म्हणाले.

"चर्चात मिस्सा झाल्यावर या. दिसलं तर बगू. नाय दिसलं तर सोमवारी मानसं कामाला लागनार."

घरी येताना मी ठरवून टाकलं. पावसात चालेल अशी दुर्बीण शनिवारपर्यंत घ्यायची. वेतन आयोगाचा फरक नुकताच हाती आला होता आणि त्यातून कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं आमचं ठरलं होतं. रात्री जेवताना यांना सांगितलं. हे भात कालवत होते.

"एका पाखरासाठी?"

"पाखरासाठी आहेच. पण त्या माणसाला मी दलाल वाटले, त्यासाठीही."

"मग घे," हे म्हणाले. "पण नीट बघून घे. पुन्हा मला पेचकस घ्यायला लावू नकोस."

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी कागदावर मला काय हवंय ते लिहून काढलं. पहिली गोष्ट पाण्याची. बाहेरचं पाणी आत शिरू नये एवढं पुरेसं नव्हतं. आत कोंडलेली हवाच दमट असेल तर थंड झाल्यावर ती भिंगावर बसणार. बाष्पीभवन आणि संघनन हा धडा मी दरवर्षी शिकवत होते, तो पहिल्यांदा माझ्या उपयोगाला येत होता. म्हणजे आतली हवा काढून कोरडा वायू भरलेली हवी. दुसरी गोष्ट, काकांचा चष्मा. जाड चष्मा लावूनही पूर्ण चित्र दिसायला हवं, त्यासाठी डोळ्याकडची रबरी वाटी दुमडता यायला हवी. तिसरी, ती हातातून पडली तरी टिकली पाहिजे, कारण चिखलात मी स्वतः दोनदा पडले होते.

शनिवारी सकाळची शाळा करून मी चर्चगेटला उतरले. फोर्टातल्या पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने माझ्यापुढे सात-आठ दुर्बिणी मांडल्या. एक रशियन होती, वजनाने वरवंट्यासारखी, काच मात्र सुरेख. रस्त्यापलीकडच्या इमारतीवरची पाटी शेजारी उभी राहून वाचावी तशी दिसली.

"पावसात चालेल?" मी विचारलं.

"मॅडम, लष्करी माल आहे. काय होतंय?"

"पाण्यात बुडवली तर?"

तो हसला. "दुर्बीण पाण्यात कशाला बुडवायची, मॅडम?"

मी ती परत ठेवली. त्याने मग दुसरी दाखवली, दहापट मोठं दाखवणारी. तिच्यावर इंग्रजीत जे छापलं होतं त्याचा अर्थ पाण्याचे शिंतोडे सोसेल एवढाच होता. दहापट ऐकून मोह झाला खरा, पण डोळ्याला लावली तर समोरची कबुतरं थरथरायला लागली. कबुतरं नव्हे, माझे हात. जेवढं मोठं दिसतं तेवढा हाताचा कंपही मोठा दिसतो. अर्धा तास बांधावर उभं राहून ती धरणं मला जमलं नसतं आणि काकांना तर नाहीच.

दुसऱ्या दुकानात काचेच्या कपाटातली वस्तू बाहेर काढायलाच तयार नव्हते. "घेणार असाल तर काढतो," म्हणाले. मी बाहेर पडले. चार वाजत आले होते. मला एकदम जहाजांची आठवण झाली. खलाशी काय दुर्बीण पावसात बंद ठेवतात?

विचारत विचारत गोदीच्या बाजूला गेले. तिथे जहाजांना लागणारं सामान विकणारी दुकानं होती. दोरखंड, कंदील, तेलकट ताडपत्र्या. एका अंधाऱ्या दुकानात पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ बसले होते. मी आत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. पक्षी, अंडी, वाडी, सोमवारची माणसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत हाक मारून दोन खोकी मागवली.

एक जहाजावरची जड दुर्बीण होती. तिचे दोन्ही डोळे वेगवेगळे जुळवावे लागत. दुसरी आठपट दाखवणारी, काळ्या जाड रबराने मढवलेली, मध्ये एकच चाक.

"पहिली शंभर वर्षं टिकेल," ते म्हणाले, "पण ती एका माणसाची. दुसऱ्याच्या हातात गेली की पुन्हा जुळवाजुळव आली. तुम्हाला दुसऱ्याला दाखवायचंय ना?"

हे मला सुचलं नव्हतं. मी दुसरी हातात घेतली. हातात बसली. वाटी दुमडून, खोकी आणणाऱ्या चष्मेवाल्या हमालाला लावून बघायला सांगितलं. त्याने दारात उभं राहून समोरच्या दुकानाची पाटी पूर्ण वाचली.

"पाण्याचं काय?" मी विचारलं.

त्यांनी बादली मागवली. नळाच्या पाण्याने भरली आणि स्वतःच्या हाताने दुर्बीण तिच्यात सोडली. ती तळाला जाऊन बसली. दहा मिनिटं आम्ही दोघं बादलीकडे बघत बसलो. बाहेर काढून पुसली, आत थेंब नाही.

"आणखी एक करायचंय," मी म्हणाले. "शेजारी थंड पेयांचं दुकान आहे. त्यांच्या फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवू द्याल?"

"ते कशाला?"

"आतल्या हवेत ओल असेल तर थंडीने कळेल."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "काय करता तुम्ही?"

"विज्ञान शिकवते."

शेजारच्याने बाटल्या बाजूला सारून जागा केली. वीस मिनिटांनी काढली तेव्हा ती बाहेरून पांढरी झाली होती. मी पदराच्या टोकाने काच पुसली आणि दिव्यासमोर धरली. आतून स्वच्छ. मग मी दुसरं काही बघितलंच नाही. त्यांनी सांगितलेल्या किमतीवर घासाघीस करायचीही मला शुद्ध राहिली नाही, पण त्यांनी गळ्यात अडकवायचा रुंद पट्टा आपणहून दिला. "चिखल लागला तर गोड्या पाण्याने धुवा," एवढं म्हणाले. "फडक्याने कोरडी घासू नका."

रविवारी साडेआठलाच बांधावर गेले. रात्रभर पाऊस होता आणि बावखल काठोकाठ भरलं होतं. मी दुर्बीण लावली. घरटं होतं तो पुंजका अर्धा पाण्याखाली गेला होता. पक्षी तिथेच होता, पण बसलेला नव्हता. पुढे वाकून काहीतरी करत होता.

काका मिस्साहून सरळ आले, पांढरा शर्ट, हातात छत्री, मागे काकू. मी दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली, वाटी दुमडून दिली आणि चाकावर त्यांचं बोट ठेवलं. पाऊस काचेवर पडत होता.

"पुसू?" मी विचारलं.

"थांबा." त्यांनी हाताने मला गप्प केलं.

ते किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. छत्री त्यांनी खाली टाकली होती. काकूंनी ती उचलून त्यांच्या डोक्यावर धरली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हा तर बिऱ्हाड हलवतोय."

त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली तेव्हा मी ते पाहिलं. पक्षी एक अंडं गळा आणि छाती यांच्यामध्ये दाबून धरून मागे मागे सरकत होता. तपकिरी, तुपात घोळल्यासारखं तुकतुकीत अंडं. दोन हातांवरच्या उंच पुंजक्यावर त्याने ते नेऊन ठेवलं आणि पुन्हा मागे गेला. पुस्तकात याची एक ओळ होती. तिच्यावर माझा फारसा विश्वास बसला नव्हता.

काकांनी दुर्बीण परत मागून घेतली. "दुसरं नेलं," ते सांगू लागले. "तिसरं घसरलं. नाय, धरलं. ही आई का?"

"बाप."

"मग आई?"

"अंडी घालून गेली. सगळं यालाच करावं लागतं."

काकू म्हणाल्या, "द्या इकडं." त्यांनी ती घेतली, आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "चौथं पान्यात ऱ्हायलंय. त्याला कळत नाय का?" कळत असावं, पण पुंजका आणखी बुडाला आणि ते अंडं दिसेनासं झालं.

काका काठाने चालत मोरीपर्यंत गेले आणि परत आले. सोमवारी माणसं येतील, म्हणाले. त्यांना नाही सांगता येत नव्हतं. पानवेलीत पाणी होतं. पण मोरीकडची जलपर्णी तेवढी काढतील. मध्ये त्यांनी बांबू रोवून दोरी बांधायचं ठरवलं, तिच्या पलीकडे कोणी पाय घालायचा नाही.

"पानी कमी होईल, पन सगळं नाय होनार," ते म्हणाले. "वेलीची एक ओळ जाईल."

"काका, नुकसान होईल तुमचं."

"होईल." त्यांनी घरातून कोयता आणून तिथल्या तिथे बांबू तासायला घेतला.

एक ओळ खरंच गेली. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढचे दोन आठवडे मी शाळेआधी आणि शाळेनंतर दोन्ही वेळा गेले. इमारतीतल्या बायका जिन्यात विचारत, "बाई, बाळंतीण कशी आहे?" आणि मी गंभीरपणे "तो बरा आहे" असं सांगत असे. अंगावर रेनकोट, गळ्यात दुर्बीण, पायात यांचे जुने गमबूट. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिन्ही अंडी फुटली. कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं, आणि पाय बापासारखेच लांब. त्यातलं एक चौथ्या दिवशी घारीने नेलं. काकांनी दगड मारला, पण उशीर झाला होता. दोन वाढली.

ऑगस्टमध्ये दुर्बीण माझ्या हातून सुटली. पट्टा गळ्यात घातला नव्हता, चूक माझीच. ती काठावरच्या दगडावर आपटली आणि बावखलात गेली. काका कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि पायाने चाचपत त्यांनी ती गाळातून काढली. पंपाच्या पाण्याखाली धरून धुतली. रबराला एका कोपऱ्यावर खरवड आली होती, बाकी काही नाही. दोन्ही पिल्लं पहिल्यासारखीच स्पष्ट दिसली. घरी मी हे यांना सांगितलं नाही. पुढे खूप दिवसांनी सांगितलं.

त्याच महिन्यात मी सातवीचा वर्ग तिथे नेला, पाच-पाच मुलांच्या तुकड्या करून. काका दुर्बीण स्वतःकडे ठेवून घेत आणि एकेकाला पुढे बोलावत. "पट्टा गळ्यात घाल आधी. आता चाक हळू फिरव. घाईनं काय दिसत नाय." तांबटाचं नाव विचारणारी मुलगी आता आठवीत होती, तरी आली होती. तिने सर्वांत जास्त वेळ घेतला आणि काकांनी तो तिला दिला.

पुढच्या जूनमध्ये मी बांधावर गेले तर तिथे झावळ्यांचा एक लहानसा आडोसा उभा होता. आत केळीच्या खांबाचा ओंडका बसायला, आणि बावखलाच्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर दोन वितींची फट ठेवलेली. काका वाडीतून आले, हात मातीने भरलेले.

"बसा," ते म्हणाले. "काल दोन आलेत. एक त्या कोपऱ्यात हाय, दुसरा उडत होता. मी नुसत्या डोळ्यांनी बगितलं. तुमी नीट बगून सांगा, नर कुठला."